तितकं वाईट नाही

२४ सप्टेंबर

सकाळी धुकं. वारा नाही.

या वहीत मी आजवर पेरणी, पाऊस आणि दंव एवढंच लिहीत आलो. जमीन ब्राइसला खंडानं दिल्यापासून तेही कमी झालं. आता बायकोबद्दल, आर्डिसबद्दल लिहीन. दुसरं काही डोक्यात नाही.

काल फार्गोच्या इस्पितळात औषधाची पहिली फेरी झाली. उन्हाळ्यात तिच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. गाठ गेली, पण कुठे एखादी पेशी लपून राहिली असेल तर तिच्यासाठी हे औषध. तीन-तीन आठवड्यांनी अशा चार फेऱ्या. डॉक्टर सालिनास म्हणाल्या, "पूर्ण मात्रा, वेळेवर, चारही वेळा. त्यात सगळं आलं. त्रास झाला तर लगेच सांगा, आम्ही तो आटोक्यात ठेवू. फारच झाला तर औषध बदलावं लागतं, आणि दुसरं इतकं खात्रीचं नाही."

परत येताना मी म्हणालो, "ऐकलंस ना? पूर्ण मात्रा. चारही वेळा."

"ऐकलं."

"गेलेननं दोन फेऱ्यांत हात टेकले. आणि बघ."

गेलेन आमचा शेजारी. एप्रिलमध्ये त्याला पुरलं.

आर्डिस खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला धीर आला असावा.

२६ सप्टेंबर

काल दुपारपासून सुरू झालं. आधी तिला तोंडात खिळे ठेवल्यासारखं वाटलं. मग ओकाऱ्या. आइस्क्रीमची रिकामी बादली पलंगाशी ठेवली आहे. या बादल्यांत आम्ही खिळे ठेवले, बोरं ठेवली, कोंबड्यांचं खाणं ठेवलं. टाकून द्यायला कधी मन झालं नाही. आता धुऊन धुऊन तिच्यावरचं चित्र जाईल.

फार्गोहून नर्सचा फोन आला. टॉनिया. आवाजावरून तरुण. आर्डिसनं तोंड पुसलं, उशीला टेकून बसली, मग फोन घेतला.

"दहापैकी किती, आर्डिस? दहा म्हणजे अगदी असह्य."

"दोन," ती म्हणाली. "तितकं वाईट नाही."

मी बादली हातात घेऊन दारात उभा होतो. मला तिचा अभिमान वाटला. आणि बायको फोनवर बोलत असताना मधे तोंड घालणं आमच्याकडे होत नाही.

२९ सप्टेंबर

लाव्होन आली. चर्चच्या बायकांत आजाऱ्याच्या घरी पहिली डिश तिचीच पोचते.

"मी आत येत नाही हं," ती म्हणाली आणि आत आली. "नुसतं ठेवते आणि जाते. बटाटा नि मांस. काही विशेष नाही, घरी जास्तीचं झालं होतं."

"कशाला त्रास घेतलास?" आर्डिस म्हणाली.

"त्रास कसला! कशी आहेस?"

"तितकं वाईट नाही."

"दिसतेसच तशी! मी बार्बला म्हटलं, आर्डिसला काही होत नाही. ती थंडीत हातमोज्याशिवाय कपडे वाळत घालणारी बाई."

मग ती स्वयंपाकघरात बोलली, दारात बोलली, पायरीवर बोलली, गाडीत बसल्यावर काच खाली करून पुन्हा बोलली. डिश गरम होती. वाफ घरभर. गाडी झाडांआड जाईपर्यंत आर्डिस हात हलवत होती. मग भिंत धरत न्हाणीघरात गेली.

मी डिश यंत्रांच्या शेडमध्ये नेऊन ट्रॅक्टरजवळ उभ्यानं खाल्ली. चांगली होती. डिशच्या बुडाला चिकटपट्टीवर लाव्होनचं नाव. धुऊन परत द्यायला हवी. रिकामी द्यायची नसते, पण मी काय भरणार?

नाही म्हणता आलं असतं का, याचा विचार केला. नाही.

३ ऑक्टोबर

वारा पूर्वेचा. बीटची काढणी सुरू झाली.

पूर्वेला साखर कारखाना. ढिगांचा, मळीच्या पाण्याचा वास शेतं ओलांडून येतो. आम्ही त्याला पैशाचा वास म्हणतो. परगावचा माणूस नाक मुरडायला लागला की आम्ही हसतो. आमचं घर, जनेलचं कॉलेज, आर्डिसचा पियानो, सगळं त्या वासातून आलं.

आर्डिसनं दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. लिंबाची साल नाकाशी धरून बसली. म्हणाली, "चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मला हा आवडतो."

"आवडत नव्हता?"

"मला कुणी विचारलं होतं?"

ती थट्टेनं म्हणाली असणार.

काय चालतं ते आता कळत आलं आहे. गार चालतं, गरम नाही. गरमाला वास असतो. खारी बिस्किटं, उठण्याआधी, पडल्यापडल्याच. बुडबुडे गेलेलं आल्याचं सरबत. धातूचा चमचा नको, प्लॅस्टिकचा. मी शेगडी शेडमध्ये हलवली आहे. स्वयंपाक तिथे करतो, कपडे बदलून घरात येतो.

१४ ऑक्टोबर

दुसरी फेरी. डॉक्टर सालिनासनी विचारलं, "मळमळ कशी होती?"

"तितकं वाईट नाही."

"छान! मग गोळ्या त्याच ठेवू."

डॉक्टर खूश झाल्या म्हणून आम्हीही खूश झालो. निघताना टॉनिया म्हणाली, "काहीही लागलं तर फोन. दिवसा, रात्री, शनिवारी, रविवारी. कुणीतरी असतंच." प्रत्यक्षात ती चाळिशीची निघाली. दंडावर कुत्र्याचं चित्र गोंदलेलं.

१५ ऑक्टोबर

ब्राइस सकाळी आला. टोपी हातात.

"लोवेल, माझा एक ट्रकवाला पळाला. काढणी अर्धी बाकी आहे, वर गोठायला लागलं तर मेलो. विचारणं बरं नाही, माहीत आहे."

मी आर्डिसकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "घरात बसून माझ्याकडे बघत बसतोस. मी काय टीव्ही आहे?"

गेलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पाळीवरून आलो तेव्हा ती न्हाणीघराच्या फरशीवर होती. गाल फरशीला लावून. म्हणाली, गार वाटतं. माझ्या अंगाला बीटचा नि डिझेलचा वास होता. मी जवळ बसलो आणि तिला पुन्हा उमाळा आला, पण पोटात काही नव्हतं. सकाळपासून पाणीही टिकलं नव्हतं. गोळी गिळली की गोळीच बाहेर.

"फोन करू?"

"शनिवार आहे."

"हो," मी म्हणालो.

शनिवारी फोन करायचा म्हणजे कुणाला तरी जेवणावरून उठवायचं. मी अंघोळ केली, कपडे जाळायच्या पिंपात टाकले, बर्फाचे खडे करून तिच्या ओठांवर धरले. उद्या बघू.

१९ ऑक्टोबर

रविवारी तर मुळीच नाही, ती म्हणाली. मी ट्रकवर गेलो नाही. ब्राइसला सांगितलं पाठ धरली आहे.

२० ऑक्टोबर

सकाळी ती उभी राहीना. पाय दुमडत होते. मी तिला उचलून गाडीत ठेवलं. बीटचं अर्धं पोतं याहून जड असतं.

फार्गोत शिरेतून पाणी चढवलं, क्षार चढवले. टॉनिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"फोन का केला नाहीत?"

"शनिवार होता," मी म्हणालो.

"शनिवार होता! आणि दोन? दहापैकी दोन? आर्डिस, माझी आजी तुमच्यासारखीच. घराला आग लागली असती तर म्हणाली असती, आज जरा उबदार आहे."

आर्डिसला हसू आलं. ओठ फुटून रक्त आलं.

"माझ्या कपाटात मळमळीवर अजून तीन-चार प्रकार आहेत," टॉनिया म्हणाली. "पण कपाट बोलत नाही. तुम्ही बोलायचं."

"आणि बोलले की मुख्य औषध बदलणार."

"मळमळीसाठी? नाही, मुळीच नाही."

"मग कशासाठी बदलता?"

"मूत्रपिंडं बिघडली, हातापायांच्या नसा गेल्या, कान गेले, तर. ते परत येत नाहीत म्हणून. कानांत आवाज वगैरे येतो का?"

"नाही," आर्डिस म्हणाली.

रात्री घ्यायची एक नवी गोळी दिली आहे. इतकी लहान की हातातून पडली तर सापडणार नाही.

२४ ऑक्टोबर

पहिला बर्फ. टिकला नाही.

नवी गोळी लागू पडली. चार दिवसांत एकदाही बादली लागली नाही. आज तिनं गार उकडलेलं अंडं खाल्लं, मीठ मागून घेतलं. मी शेडमध्ये गेलो आणि ट्रॅक्टरच्या चाकाला कपाळ टेकून उभा राहिलो. एवढ्याशा गोळीसाठी ती महिनाभर फरशीवर पडून होती.

पण ती माझ्यावर रागावली आहे. स्वयंपाकघरातून विचारलं, "अजून एक अंडं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. आत जाऊन पाहिलं तर जागीच होती.

ट्रकवर गेलो त्याचा राग. ती कधी बोलून दाखवणार नाही.

१ नोव्हेंबर

चर्चचं लूटफिस्क जेवण. तळघरात पाच पंगती उठल्या. क्षाराच्या पाण्यात भिजवलेल्या या माशाचा वास धडधाकट माणसालाही झेपत नाही. दरवर्षी वितळलेल्या लोण्याची जागा आर्डिसची. मी म्हटलं यंदा राहू दे. तिनं ॲप्रन बांधला, नाकाखाली कापराचं मलम चोपडलं, डोक्याला निळा रुमाल गुंडाळला आणि शेगडीशी जाऊन उभी राहिली.

सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांना तिनं तेच सांगितलं.

व्हर्नन एंगेन दुसऱ्या टोकाहून ओरडला, "आर्डिस! इकडे लोणी संपलं! मासा कोरडा गिळू का?"

ती वळली नाही.

"आर्डिस!"

नाही.

"लोवेल, तुझी बायको भाव देत नाही बुवा."

"घरीही तेच चाललंय," मी म्हणालो.

टेबल हसलं. मीही हसलो. लाव्होननं लोणी नेऊन दिलं.

जाताना आर्डिसनं गायकवृंदाच्या बाईंना सांगितलं की यंदा नाताळच्या गाण्यात ती नाही. धाप लागते म्हणे. लग्नाच्या आधीपासून ती त्यात गाते. 

४ नोव्हेंबर

तिसरी फेरी. टॉनियानं मळमळीचा आकडा विचारला तर आर्डिस म्हणाली, "गेल्या वेळी नऊ. आता तीन." टॉनियानं टाळ्या वाजवल्या. "शिकली! ही बाई शिकली!"

"कानात आवाज?"

"नाही," आर्डिसनं ठामपणे सांगितलं.

मला बरं वाटलं. आता ती खरं सांगते आहे.

९ नोव्हेंबर

मळमळ आहे पण गोळीच्या आवाक्यात आहे. बद्धकोष्ठ फार. तोंडात फोड. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करते. मी दुधात केळं गार फिरवून देतो. निम्मं संपवते.

किटली शिटी मारत मारत कोरडी झाली. मी अंगणात बर्फ ओढत होतो, तिथून ऐकू आली. धावत आलो. आर्डिस तिच्या शेजारी खुर्चीत विणत बसली होती. मी किटली उतरवली तेव्हा तिनं वर पाहिलं आणि हसली.

या औषधानं डोकं धुकट होतं असं टॉनियानं सांगितलं होतं.

१३ नोव्हेंबर

आज बोललो. बोलावं लागलं.

ती मोरीपाशी खिडकीतून शेत बघत उभी होती. पाठमोरी. मागून तिचं पोर झालं आहे. मानेच्या दोन्ही शिरा दिसतात. ड्रेस खांद्यांवरून खिळ्याला टांगल्यासारखा. मी टेबलाशी बसलो होतो.

म्हणालो, "आर्डिस, तुला थांबायचं असेल तर थांब. मी काही म्हणणार नाही. कुणी काही म्हणणार नाही. तीन झाल्या, पुष्कळ झाल्या. तू अशी मला बघवत नाहीस."

इतकं मी आयुष्यात सलग बोललो नसेन.

ती खिडकीतून बघत राहिली. मी वाट पाहिली. तिनं कप विसळला, उपडा घातला, हात पुसले आणि माझ्याजवळून दुसऱ्या खोलीत गेली. जाताना खांद्यावर हात ठेवला.

म्हणजे पुढे जायचं आहे. ठीक. पुन्हा विचारणार नाही.

१७ नोव्हेंबर

डेन्व्हरहून जनेलचा फोन. आर्डिसनं माझ्या हातात दिला. "तूच बोल. मला बोलवत नाही." पूर्वी या दोघींचा तासभर चालायचा.

"आई रागावलीये का माझ्यावर?" जनेलनं विचारलं.

"माझ्यावर," मी म्हणालो. "तू काळजी करू नकोस."

जेवताना आर्डिस माझ्या तोंडाकडे एकटक बघते. लग्नाच्या वेळी बघायची तशी. रागावलेलं माणूस असं बघत नाही. मला काही कळत नाही.

२५ नोव्हेंबर

कडाक्याची थंडी. रस्ता स्वच्छ.

चौथी फेरी होती. शेवटची. गाडीत ती आनंदात होती. म्हणाली परवाच्या सणाला ती स्वतः टर्कीला हात लावणार नाही, पण खुर्चीत बसून मला हुकूम सोडणार.

फार्गोत तापाची साथ आहे म्हणून सगळ्यांनी मास्क लावले होते. टॉनियानंही. ती आमच्याकडे पाठ करून सलाइन लावत होती, लावता लावता बोलत होती.

"आज घरी गाडी कोण चालवणार?"

"तितकं वाईट नाही," आर्डिस म्हणाली.

टॉनिया हसली. "लोवेलच्या गाडी चालवण्याबद्दल मीही असंच ऐकलंय."

मीही हसलो.

मग टॉनिया वळली. मास्कच्या वर फक्त डोळे. "कानांत आवाज वगैरे?"

आर्डिस तिच्या डोळ्यांकडे पाहत होती. तिथे काही सापडत नव्हतं. ती हसली, मान डोलावली.

"दोन," म्हणाली. "फार तर तीन."

टॉनिया संगणकात काहीतरी भरत होती. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. किटली, व्हर्नन, अंडं, फोन. मोरीपाशी मी जे बोललो ते. तिनं ऐकलंच नव्हतं. ती रागावली नव्हती. मी एका भिंतीला सांगितलं होतं की तू थांबलीस तरी चालेल.

माझा चेहरा तिनं पाहिला. तिला कळलं की मला कळलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मान किंचित हलवली. नाही.

टॉनियानं औषधाची पिशवी आणली होती. नाव, जन्मतारीख पिशवीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहत होती. शेवटची पिशवी. काही तासांत झालं असतं. मी गप्प बसलो असतो तर कुणी मला विचारणार नव्हतं. चारचौघांत बायकोला खोटं पाडणारा नवरा मी आमच्याकडे पाहिलेला नाही.

गुडघ्यावरचा हात जोरात दाबत होता. तिच्यात इतकी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"तिला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

टॉनियाचा हात पिशवीवर थांबला.

"काय म्हणालात?"

"ऐकू येत नाही तिला. एक महिना झाला. जास्तच."

आर्डिसनं हात काढून घेतला.

मग डॉक्टर आल्या, मग कान तपासणारा माणूस आला. काचेच्या खोलीत तिला बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होतो. ती ताठ बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी. बोट मांडीवरच राहिलं. अधूनमधून चुकून वर करत होती. अंदाजानं. पास व्हायला.

उंच पट्टीचे आवाज गेले आहेत, तो माणूस म्हणाला. बोलण्यातली धार गेली. उरली ती गुरगुर. आणि कानांत सतत शिटी. परत येणार नाही. आणखी एक पिशवी दिली असती तर उरलं तेही गेलं असतं.

पिशवी परत गेली.

२६ नोव्हेंबर

घरी येताना ती खिडकीबाहेर पाहत होती. आज सकाळी बोलली. तिला स्वतःचा आवाज नीट येत नाही, म्हणून मोठ्यानं.

"दुसऱ्या फेरीनंतर सुरू झालं. आधी शिटी. रातकिडे असतात तशी. मग तू तोंडातल्या तोंडात बोलायला लागलास असं वाटलं. मग सगळेच."

"सांगितलं का नाहीस?" मी तिच्यासमोर बसून, ओठ हलवून म्हणालो.

"सांगितलं असतं तर औषध काढून घेतलं असतं. पूर्ण मात्रा. चारही वेळा. तूच म्हणालास. गेलेननं हात टेकले, तूच म्हणालास."

मी असं म्हणालो होतो हे मला आठवेना.

"मी ठरवलं, कान घ्या. मला जगायचंय. कान घ्या आणि मला सोडा. तो माझा सौदा होता, लोवेल. कान मी दिलेच होते. एक पिशवी राहिली होती. तू सौदा मोडलास. कान गेले ते गेलेच, आणि वर चौथी पण गेली."

"तू पूर्ण बहिरी झाली असतीस."

"हो. आणि?"

 

२ डिसेंबर

चौथी फेरी दिली, दुसऱ्या औषधाची. डॉक्टर सालिनास पडद्यावर मोठ्या अक्षरांत टंकत होत्या, आर्डिस वाचत होती. हेही काम करतं. पहिल्याइतकं करतं का, नक्की सांगता येत नाही. तीन पूर्ण झाल्या ही मोठी गोष्ट आहे. जानेवारीत छातीचा स्कॅन करू.

"चांगलं आलं नाही तर?" आर्डिसनं मोठ्यानं विचारलं. बाजूच्या खुर्च्यांवरच्या लोकांनी मान वळवली.

 डॉक्टरांनी टंकलं, तेव्हा बघू.

७ डिसेंबर

या औषधानं मळमळ कमी आहे. ती खाते. मी आज शेगडी शेडमधून घरात आणली, सूप गरम केलं, तिनं गरम घेतलं.

आम्ही एका टेबलावर जेवतो. ती ताटात बघते, माझ्या तोंडाकडे बघत नाही. म्हणजे मी काही म्हणालो तरी तिला कळणार नाही. ते तिला माहीत आहे.

मला रोज वाटतं, बोललो नसतो तर. आणि रोज वाटतं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. दोन्ही एकाच वेळी. यातलं एक तरी जावं.

१४ डिसेंबर

चर्चला गेलो. ती येईल असं वाटलं नव्हतं. रुमाल बांधून स्वतःच गाडीत जाऊन बसली.

आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो, मागून तिसऱ्या. गाणी झाली. ती तोंड मिटून पुस्तकातल्या ओळींवर बोट फिरवत होती. मग पास्टर क्रिस्टानं आजाऱ्यांची नावं वाचली. आर्डिसचं मधेच कुठेतरी होतं. मग मूक प्रार्थना. सगळ्यांची डोकी खाली. कुठे खोकलाही नाही.

आर्डिस माझ्याकडे झुकली. आपण कुजबुजतो आहोत असं तिला वाटत होतं.

"परत आलं तर मी तुला दोष देणार, लोवेल."

आवाज छताला जाऊन लागला. लाव्होनचा खांदा हलला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. आमच्या गावात असं पाहत नाहीत.

"मला द्यायचा नाहीये," ती म्हणाली. "फार प्रयत्न करते. पण देईन. मला माहीत आहे मी देईन. मला इतकी भीती वाटते की कुणाला तरी द्यावाच लागेल."

पास्टरनं डोळे उघडले होते. ती थांबली होती. सगळं चर्च थांबलं होतं, खाली बघत, बुटांकडे.

मला तिच्या कानात काही सांगता येणार नव्हतं. मी बाकावर पूर्ण वळलो, तिची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडे केला आणि तिला कळेल इतक्या मोठ्यानं, सगळ्यांसमोर म्हणालो,

"दे."

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं. खात्री करून घेतली.

"बरं," ती म्हणाली. तेही सगळ्या चर्चनं ऐकलं.